दाव्याचे वेगळे

रूम दाखवायला नेलं की मामा आधी बाहेर चपला काढायला लावायचे. रूम रिकामी असायची, फरशीवर धूळ, कोपऱ्यात आधीच्या माणसांनी टाकून दिलेली कॅलेंडरं आणि मेलेली झुरळं. तरी चपला बाहेर. स्वतः अनवाणी आत जायचे आणि भिंतीवर तळहातानं दोनदा थोपटायचे, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं. मग खाली वाकून नळाचं तोंड बघायचे. मग म्हणायचे, "गरीब हाय." नाहीतर म्हणायचे, "मारकी हाय ही. पावसाळ्यात ओल मारंल. घेऊ नका."

रूमचा दलाल स्वतःच 'घेऊ नका' म्हणतो हे मी पहिल्यांदा मामांकडं बघितलं. त्याआधी आम्ही दौंडात तीन रूम बदलल्या होत्या. तिन्ही वेळा दाखवणारा माणूस गोड बोलायचा, आणि आत राहायला गेल्यावर कळायचं की पाणी एक दिवसाआड येतं, किंवा मीटर वरच्या मजल्याला जोडलेलं आहे. मामांचं तसं नव्हतं. सगळं दौंड त्यांना मामाच म्हणायचं. ते मूळचे बैलबाजारातले दलाल. बाजारात जनावराची खोड सांगून विकायची असते, न सांगता विकलं तर नाव जातं, असं ते म्हणायचे. म्हणून रूमची खोड ते दारातच सांगून टाकायचे.

"मोरीचं पाणी उलटं येतं."

"शेजारचा म्हातारा पहाटं खोकतो, हितं भिंतीतनं ऐकू येतं."

"मालकीण चांगली हाय, पर लाईटबिल बघून रडती."

मात्र त्यांचे स्वतःचे पैसे किती आणि कशाकशाचे, हे आधी कधीच सांगायचे नाहीत. ते मागाहून एकेक निघायचं. कुणी भांडायला लागलं की शांतपणे म्हणायचे, "रूमची खोड सांगायचं काम माझं. माझी खोड तुम्ही वळखायची."

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला चहाच्या टपरीशेजारी त्यांची लोखंडी खुर्ची असायची. मागं पत्र्याचा बोर्ड: 'रूम, फ्लॅट, गाळे भाड्याने मिळतील. बैल विचारून.' बैल विचारायला कुणी येत नव्हतं. ट्रॅक्टर आले, बाजार पातळ झाले, तेव्हा मामा शिरूरकडचं गाव सोडून दौंडात आले आणि रूमच्या धंद्यात पडले. तरी बोर्डावरचा बैल त्यांनी पुसला नाही. एक खराखुरा बैलसुद्धा होता, खुर्चीच्या मागं मोकळ्या प्लॉटमध्ये बांधलेला, एका शिंगाचा. गिऱ्हाईक रूमचं बोलत असलं तरी मामा मधेच उठून त्याला पेंढी टाकून यायचे.

"ह्याची खोड म्हंजी ह्यो मधीच बसतो," ते सांगायचे. "काम चालू असलं तरी बसतो. म्हणून कुणी घेईना. बसला म्हंजी बसला, मंग मी पण बसतो."

आता तिथं काचेच्या दाराचं ऑफिस झालं आहे. आत एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसते, आणि फीचा छापील कागद भिंतीला लावलेला आहे. वाचता येतो, सगळं आधीच कळतं. तरी त्या दारासमोरून जाताना मी मान खाली घालून जाते. मामांच्या खुर्चीपुढूनही तशीच जायचे. मला दलालांशी बोलता येत नाही. खरं तर कुणाशीच नीट बोलता येत नाही. घरात येतं तेवढंच.

मामांच्या खांद्यावर कायम टॉवेल असायचा, हिरव्या चौकड्यांचा, कडेनं झिजलेला. त्यानं ते घाम पुसायचे नाहीत, खुर्ची झटकायचे नाहीत. घाम पुसायला दुसरा रुमाल होता. टॉवेल सौद्याचा. मालक आला की मामा त्याचा हात हातात घ्यायचे, वरून टॉवेल टाकायचे, आणि दोघं एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. तोंडानं आकडा काढायचा नाही. बाजारात हीच पद्धत होती. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी सौदा त्या दोघांतच राहायचा. दौंडातले नवे मालक आधी हसायचे. एक जण म्हणाला होता, "मामा, फोनवर आकडा टाका की, मी फोनवरच हो म्हणतो." मामा म्हणाले, "फोनला बोटं हायेत का?" आणि बैलाला पेंढी टाकायला उठून गेले.

भाडेकरूशी सुद्धा तसंच. मात्र बाईशी नाही. बाईचा हात टॉवेलखाली घ्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. आणि टॉवेलखाली सौदा झाला नाही तर मामा जे तोंडानं मागतील ते पुरं द्यायचं. त्यात घासाघीस नाही. आता आम्ही राहतो तिथं वरच्या मजल्यावर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी राहायच्या, एकट्या. त्या मला सांगायच्या, "मला म्हणला, भाऊ आणा. भाऊ पाटसला, त्याला सुट्टी मिळंना. शेवटी दिले बाई सगळे, बोलंल तेवढे. एकटीला जास्त पडतं, असं हाय ते." मावशी हे चिडून सांगत नव्हत्या. गॅसचा सिलिंडर महागला असं सांगावं तसं सांगत होत्या.

आम्हाला मामांकडं जायची वेळ आबांमुळं आली. आबा म्हणजे माझे सासरे. आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. आमचे हे कुरकुंभच्या एका कंपनीत कंत्राटावर, आणि मी घरी बसून एका मेसला चपात्या लाटून द्यायचे. आबा गावी, न्हावऱ्याच्या पुढं, थोरल्या दिरांकडं असायचे. तिथं त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. जाऊबाई म्हणाल्या, "दवाखाना दौंडात, तर माणूसही दौंडात बरा."  आम्ही आबांना घेऊन आलो.

ह्यांनी आबांना पाठीवर घेऊन तीन जिने चढवले. व्यायामाच्या डॉक्टरकडं न्यायचं की परत तीन जिने खाली, परत तीन जिने वर. हे पहिल्या पाळीला गेले की आबा वरच अडकायचे. पण जिन्यापेक्षा संडासचा त्रास मोठा होता. तो उकिडवं बसून वापरायचा, आणि आबांना खाली बसता येत नव्हतं. ह्यांची ड्युटी असली की ते सगळं माझ्यावर. आयुष्यभर ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नाही, त्यांना मी धरायचे, आणि दोघंही दुसरीकडं बघायचो. आबा त्यासाठी पाणी कमी प्यायला लागले. भरलेला ग्लास तोंडाला लावला तरी ओठ मिटून घ्यायचे. डॉक्टर रागावला, असं चाललं तर दुसरा झटका येईल म्हणाला. पण आबा असं का करतात ते मला कळत होतं.

तळमजला आणि उंच बसायचा संडास, एवढंच हवं होतं. आमच्या भाड्यात ते मिळत नव्हतं.

मामा म्हणाले, "हाय एक. मालकानं आईसाठी केल्ती. आई गेली. संडास उंच हाय, धरायला दांडा पण हाय. आता खोड ऐका. मागनं गटार, डास लई. आन् रेल्वे जवळ. इंजिन हाललं की मांडणीवरची भांडी वाजत्यात."

"वाजू द्या," हे म्हणाले.

"असं न्हाई. जुंपून बघा."

जुंपून बघायचं म्हणजे रिकाम्या रूममध्ये तासभर बसायचं. मामा सगळ्यांना बसवायचे. बैल घेताना गाडीला जुंपून बघतात, मग रूम न बघता कशी घ्यायची? पंखा बंद, दार बंद. आम्ही दोघं फरशीवर भिंतीला टेकून बसलो. मामा बाहेर उंबऱ्याशी बसले, कुणी मधेच उठू नये म्हणून. एक मालगाडी गेली. खिडकीचे गज थरथरले. हे तिथंच बसल्या बसल्या झोपले, रात्रपाळी करून आले होते. मी उठून संडासात गेले आणि तो दांडा धरून बघितला. घट्ट होता. आबांच्या डाव्या हाताला बरोबर येत होता.

मालकाला डिपॉझिट दिलं, मामांना दलाली दिली, दाखवणीचे म्हणून वेगळे दिले, कागदाचे वेगळे दिले. त्या महिन्यात आमच्याकडं मागं काही उरलं नाही.

सामान हलवलं तो दिवस उन्हाचा होता. टेम्पो नव्या दारासमोर उभा, त्यात कपाट, कॉट, गाद्या, भांड्यांची पोती. आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत टेम्पोच्या सावलीला बसवलं होतं. मामा आले. चावी कमरेला करदोट्यात अडकवलेली. त्यांनी सामानाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "दाव्याचे राह्यले."

"कसलं दावं?" ह्यांनी विचारलं.

"जनावर इकलं तरी दावं कुणी देत न्हाई. दावं धन्याचं. तशी चावी. चावीचे वेगळे. आन् मालकाच्या बाजूची दलाली पण तुमच्याकडंच हाय. मालक पुण्याला, त्यो काय मला हुडकत येतोय व्हय?"

"मामा, काल दलाली दिली की तुमच्या हातात!"

"ती तुमच्या बाजूची."

"मंग काल का न्हाई बोलला?"

"काल तुम्ही इचारलं न्हाई."

"मला काय सपान पडतंय का, दाव्याचं इचारायचं असतंय म्हणून?"

टेम्पोवाला खाली उतरला. "दादा, मला चौफुल्याला दुसरी ट्रिप हाय. वेटिंग लागंल."

"तू पण घे!" हे ओरडले. "तुझं पण दावं हाय का एखादं?"

"मी काय केलं, दादा? माझ्यावर का तापताय?"

हे तसे तापट नाहीत. पण त्या दिवशी रात्रपाळी करून आले होते आणि कपाट एकट्यानं खाली आणलं होतं. म्हणाले, "फिरव गाडी. नको आम्हाला रूम. चल, परत वर."

परत वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. ती रूम आम्ही सकाळीच सोडली होती. आणि आबांचं डावं बोट खुर्चीच्या दांड्यावर वाजायला लागलं होतं. त्या वाजण्याचा अर्थ मला माहीत होता, दुसऱ्या कुणालाही नव्हता. त्यांना आत न्यायला हवं होतं, लगेच. 'आबांना आत घ्यायचंय' एवढंच म्हणायचं. पण तीन पुरुष माणसं मोठ्यानं भांडत होती, गॅलरीत बायका उभ्या होत्या. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी नुसती आबांच्या खुर्चीला धरून उभी राहिले.

तेवढ्यात आबांनी हात लांब केला आणि मामांचा टॉवेल ओढला.

मामांच्या टॉवेलला कुणी हात लावत नव्हतं. ते वळले, रागानंच. आबांनी टॉवेल स्वतःच्या मांडीवर घेतला, त्याच्याखाली डावा हात घातला आणि मामांकडं बघत राहिले.

 मामा खाली उकिडवे बसले, टॉवेल सारखा केला आणि हात आत घातला.

"डावा हाय," ते पुटपुटले. "उलटं मोजावं लागंल."

टॉवेल हलत होता. आबांचं तोंड वाकडंच होतं, पण डोळे मी इतक्या महिन्यांत असे बघितले नव्हते. मामांनी एकदा "ऊंहूं" केलं. आबांनी हात झटकला. परत धरला. टेम्पोवाला वेटिंग विसरून जवळ येऊन वाकला, तर मामा म्हणाले, "लांब हो. हितं काय सिनेमा हाय का?"

मग मामा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते हे तेव्हा कळलं. उभे राहत म्हणाले, "ह्यो माणूस बाजारातला हाय. आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही इचारलं न्हाई," हे म्हणाले.

चावीचे माफ झाले आणि मालकाच्या बाजूचे निम्मे. मामांनी ह्यांच्या कानात आकडा सांगितला. ह्यांनी आबांकडं बघितलं, खरं का म्हणून. आबांनी मान हलवली. मामांनी करदोट्यातून चावी सोडली आणि ती माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली. मी उचलली, दार उघडलं, आणि सामानाच्या आधी आबांना आत नेलं.

त्यानंतर दर रविवारी मामा यायचे. बोलावलं कुणीच नव्हतं. यायचे, चपला बाहेर काढायचे, आबांच्या खुर्चीशेजारी ओट्यावर बसायचे आणि टॉवेल दोघांच्या हातावर टाकायचे. मग रस्त्यानं जे जाईल त्याचा सौदा. शेळी गेली की शेळीचा, ट्रॅक्टर गेला की ट्रॅक्टरचा. मामांचं एकट्याचंच बोलणं मला आत चपात्या लाटताना ऐकू यायचं.

"न्हाई आबा, एवढं कसं? टायर बघा की त्याचं. गोटा झालंय टायर."

"बोकड हाय का ह्यो? कुत्रं हाय ते, आबा. चष्मा लावा."

"ह्या मोटारसायकलीचं मी एक बोट देईन. पोरगं नको पर, नुसती मोटारसायकल."

आबा हसायचे. हसताना त्यांच्या घशातून आवाज यायचा, तेवढाच त्यांचा आवाज उरला होता.

चहा द्यायला गेले की मामा माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. आधी ते मला 'ताई' म्हणायचे, आता 'सूनबाई' म्हणायचे, एवढाच फरक. एकदा मात्र म्हणाले, "सूनबाई, म्हातारा पाणी मागतोय तर तुम्ही तोंडाकडं बघता. तोंड गेलंय त्याचं. हात बघा."

मी एरवीही हात बघायला लागले. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे आत न्या, मूठ म्हणजे नको, निजू दे. दांडा होता, त्यामुळं आत नेलं की पुढचं आबा बरंचसं स्वतः करायचे. पाणी प्यायला लागले. संध्याकाळी मी बाजारातून आले की पिशवी त्यांच्यापुढं ठेवायचे. मेथीची जुडी कितीला आणली ते आबा ओळखायचे आणि माझ्या बोटांवर सांगायचे. एक बोट धरलं तर एक, पुरा पंजा म्हणजे पाच, मधलं पेर दाबलं तर अर्धं. दहा का शंभर का हजार, ते माल बघून समजायचं. मला महाग पडलं असलं की आबा बोट झटकायचे. मग मी दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडं कमी करून मागायचे. तोंडानं नाही यायचं, मी तिच्यापुढं बोटंच धरायचे, आणि तिलाही ते कळायचं. असं करत करत ते माझ्या हातात बसलं. शिकायचं म्हणून शिकले नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. थंडीत आबांना दुसरा झटका आला. ह्यावेळी डावा हातही गेला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते कॉटवर पडून फक्त बघायचे. रविवारी मामा आले. कॉटच्या कडेला बसले, टॉवेल टाकला, आबांचा हात हातात घेतला. बाहेरून उसाची ट्रॉली गेली. मामा म्हणाले, "बोला आबा. ट्रॉली." टॉवेल हलला नाही. मामांनी हात सोडला नाही. चहा निवला. मग टॉवेल उचलून गेले, आणि पुढचे कित्येक रविवार आले नाहीत.

आले ते कामाला आले. सकाळची वेळ, हे पहिल्या पाळीला गेलेले. मी चपात्या लाटत होते. मामा दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"तुमच्या ह्यांना पाठवा चौकात. अकरा महिने भरलं."

"ते दुपारी येतील," मी म्हटलं.

"दुपारी उपेग न्हाई. कागद नवा, दलाली पण नवी. मालकाच्या बाजूची पण. आन् कंपनीतली चार पोरं आल्यात, चौकात बसल्यात. मालकाला भाडं वाढवून देत्यात आन् मला दलाली रोख. मालक म्हणतो, मामा तुम्ही ठरवा."

एवढं सगळं ते बाहेरच्या रस्त्याकडं बघत बोलले. मग आकडा सांगितला, तोंडानं. तोंडी दर. तो आमच्याकडं नव्हता. ह्यांच्याकडं नव्हता, माझ्या चपात्यांच्या पैशात नव्हता. दवाखान्यात सगळं गेलं होतं.

"न्हाई जमलं तर महिनाअखेर मोकळी करा," मामा म्हणाले. आवाज बारीक होता. "दुसरी बघू. तिसऱ्या मजल्यावर हाय एक."

आबा कॉटवरून बघत होते. ऐकू त्यांना सगळं येत होतं. आबांना आता पाठीवर घेणंही सोपं नव्हतं, मान धरत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर एकदा नेलं असतं तर ते तिथून खाली कधी आले असते, ते मला माहीत होतं.

ह्यांना फोन लावला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत.

"मंग सांगतो पोरांना," मामा म्हणाले.

मला 'थांबा' म्हणता आलं नाही. मी लाटणं ठेवलं आणि उठले. कॉटवर आबांच्या कडेला बसले. आबांचा डावा हात उचलला, जड होता, आणि माझा हात त्याच्याखाली घातला. दोन्ही हात तसेच कॉटच्या कडेवर ठेवले. मामांकडं बघायचं धाडस झालं नाही, मी आबांच्या तोंडाकडं बघत राहिले.

मामा दारातच होते. रस्त्यानं कुणी सायकलवाला गेला. वरून मावशी कुणाशी तरी बोलत होत्या.

"सूनबाई, हे बरं न्हाई," ते म्हणाले.

मी हात काढला नाही.

मग मला चपला काढल्याचा आवाज आला. मामा आत आले, फरशीवर उकिडवे बसले. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि आमच्या हातांवर टाकला. म्हणाले, "आबा, तुमच्याशी बोलतोय हां मी." आणि त्यांनी हात आत घातला.

त्यांनी आबांचा हात धरला होता. बोटं मात्र खाली माझी होती. त्यांनी धरलं, मी झटकलं. टॉवेल हलला तसे आबांचे डोळे टॉवेलावर आले. मामांनी परत धरलं. परत झटकलं. माझ्या हाताला पीठ होतं, ते त्यांच्या बोटांत चरचरत होतं. मामांनी एकदा "ऊंहूं" केलं. मी त्यांचं एक बोट धरलं, मधल्या पेरावर दाबलं आणि सोडलं नाही. बाहेर इंजिन हाललं. मांडणीवरची भांडी वाजायला लागली, वाजून थांबली. तरी मी सोडलं नाही.

मामांनी हात काढून घेतला. टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. माझ्याकडं बघितलं नाही. कॉटवर वाकून आबांना म्हणाले, "जमलं, आबा. अजून लई कडक हाय तुमचा हात."

आबांच्या घशातून तो आवाज आला.

डब्यातले पैसे काढून मी उंबऱ्यावर ठेवले. मामांनी मोजले नाहीत, उचलले. चौकात जाऊन त्यांनी त्या पोरांना काय सांगितलं ते शाळेत निघालेल्या मावशींनी ऐकलं होतं. "रूम मारकी हाय, घेऊ नका. डास लई. इंजिन हाललं की झोप न्हाई." ते खोटंही नव्हतं.

आबांच्या हाताला लागलेलं पीठ मी ओल्या फडक्यानं पुसलं आणि राहिलेल्या चपात्या लाटायला बसले. त्या दिवशी मेसचा डबा उशिरा गेला, बोलणी खाल्ली.

दुपारी हे आले. मावशींनी त्यांना जिन्यापाशीच गाठून सगळं सांगितलं होतं. डबा खाली ठेवायच्या आधी विचारलं, "किती ठरलं?"

"झालं," मी म्हटलं. "दिले मी."

"अगं पण किती?"

मी आबांना चमच्यानं पाणी पाजत होते. "सौद्यातला भाव सांगत नसतात," मी म्हटलं.

हे आबांकडं बघायला लागले. आबांनी डोळे मिटून घेतले, झोप आल्यासारखे.

आबा त्याच रूममध्ये वारले, उन्हाळ्यात, सकाळी. मामा पुढं बैल घेऊन शिरूरकडं गावी परत गेले असं ऐकलं. बैलाला टेम्पोत घालताना तो मधेच बसला, आणि टेम्पोवाल्यानं वेटिंग लावलं, असं टपरीवाला सांगत होता. आम्ही अजून तिथंच आहोत, तळमजल्याला. काचेच्या ऑफिसातून दर अकरा महिन्यांनी मेसेज येतो, त्यात आकडा लिहिलेला असतो, आम्ही तेवढे भरतो. त्या दिवशीचा आकडा ह्यांनी नंतरही बरेचदा विचारला. मी सांगितला नाही. इथंही लिहीत नाही.